एकोणतीस तारखेची ओहोटी

ब्रेस्तच्या बंदराकडे पाठ करून
अनाइग बसली आहे सहाशे बारा तक्रारींसमोर.
प्रोग्रॅम तसा लहान: भरती कधी, ओहोटी कधी,
एवढंच सांगणारा. फुकट.
लिहिणारे तिघे होते. एकाला बाळ झालं,
एक बँकेत गेला. उरली ही.

जुन्यापासून सुरुवात. पहिल्या वीसेक भराभर उपसल्या.
"चालत नाही."
कुठे, कधी, कशावर, काही नाही. बंद.
"अक्षरं मोठी करा, होडीवर चष्मा भिजतो."
हे तर सहा वर्षांपूर्वीच झालंय, त्याला कुणी कळवलंच नाही.
कळवलं. बंद.
"चंद्राचं चित्र हवं." असू दे, राहू दे उघडी.
"सुटलं, धन्यवाद!" लिहून निघून गेलेला एक,
कसं सुटलं ते न सांगता;
त्याच्याखाली चौदा जण अजून विचारतायत,
अहो, पण कसं?

झाडलोटीला तिनेच ठेवलाय एक बॉट.
वर्षभर जिथे कुणी बोललं नाही
तिथे तो चिठ्ठी डकवतो: शिळी.
पंधरा दिवस थांबतो, मग दार ओढून घेतो.
उद्धट नाही तो. जाताना आभारही मानतो.

क्रमांक सत्तेचाळीस.
कांकालचा गुल्वेन, कालवं पिकवणारा:
"आज सकाळची ओहोटी तुमच्या तक्त्यात नाही.
समुद्रात होती. मी तिच्यात उभा होतो."
तारीख, एकोणतीस फेब्रुवारी.
शिळी. बंद.
चार वर्षांनी, त्याच तारखेला: "आजही नाही."
शिळी. बंद.
आणखी चार वर्षांनी: "आजही."
शिळी. बंद.
मग नाव बदललं. रोझेन, आडनाव तेच.
"बाबा आता चिखलात उतरत नाहीत.
पण आज तक्ता बघ म्हणून सांगून ठेवलं होतं."
शिळी.
पंधरातला आज तेरावा दिवस.

हा शब्द तिच्या पडद्यावर नाही, मीच इथे आणला.
माझ्याकडे शिळी असते भाकरी,
आणि शिळा, ती दगडाची,
कुणाचा पाय लागेल म्हणून पडून राहिलेली.
चंद्रसूर्याचा हिशेब जुळेना की
आम्ही अख्खा महिना जास्तीचा घालतो
आणि त्यालाही म्हणतो धोंडाच.
अनाइगला यातलं काही ठाऊक नाही.
ती फक्त संगणकाचं घड्याळ धरते
आणि मागे नेते, वर्षभर मागे.

खिडकीबाहेर मार्च. आत तो एक दिवस.
तक्ता उघडतो.
भरती.
भरती.
मधे काही नाही.
पाणी चढलं, आणि न उतरताच पुन्हा चढलं.

चुकलेली ओळ सापडायला पहाट होते.
ओळ तिचीच निघते, तेविसाव्या वर्षी लिहिलेली,
शेजारी टीप: हे नंतर बघू.

दुरुस्तीला चार अक्षरं लागतात.
उत्तराला त्याहून जास्त. तीनदा खोडते.
शेवटी: "आहे. मलाही दिसली. बारा वर्षं
तुम्ही बरोबर होता, हे बाबांना सांगा.
बंद मात्र आत्ता करत नाही.
पुढच्या एकोणतीसला कुणीतरी चिखलात उभं राहून
हो म्हणा, मग करू."

बॉटला ताकीद: सत्तेचाळीसला हात लावायचा नाही.
कॉफी गार झालेली. तीच पिते.
पुढची, क्रमांक बावन्न:
"चालत नाही."