मिठाची वेस

रफसंजानच्या पलीकडे, वाळवंटाच्या कडेला,
विहीर यंदा पुन्हा चाळीस मीटर खाली गेली.
पाणी आलं,
पण त्याचा चहा पाहुण्यापुढे ठेवत नाही कुणी.
उस्ताद बमानअली बोट बुडवतो, चाखतो, थुंकतो
आणि माझ्याकडे चाकू मागतो.

शेजारच्या होशंगने मागच्या थंडीत
चारशे झाडं मुळासकट उपटली.
पिस्त्याचं लाकूड जळतं छान, म्हणाला,
मग बराच वेळ काही म्हणाला नाही.

आमच्या तीन ओळी.
डोळा तिन्हींना एकाच म्हाताऱ्या झाडाचा,
खुंट मात्र तीन गावांचे.
उस्ताद सालीवर चीर देतो, आडवी, मग उभी,
चीक ओघळू देतो,
आणि डोळा आत सरकवतो, निजलेल्या पोराला
पांघरुणात सरकवावं तसा.
मी पट्टी बांधते.
संध्याकाळी रोटीलाही माझ्या बोटांचा डिंक लागतो.

तिसऱ्या उन्हाळ्यात पहिल्या ओळीची पानं
कडेकडेने करपली,
कागद पेटवून लगेच विझवावा तशी.
दुसरीची थोडी उशिरा.
तिसरी ठेंगणी राहिली, अंगाने बारीक,
पण हिरवी.

वर सगळं एकच, मग हे कसं?
त्याने कुदळीने एक मूळ उघडं केलं.
"मीठ यालाही तेवढंच मिळतं.
हा ते खाली धरून ठेवतो, वेशीवरच.
वरच्या डोळ्याला पत्ताही नसतो
आपल्या वाटचं कोण गिळतंय.
खाल्ल्या मिठाला जागणारे पुष्कळ पाहिले, पोरी.
मीठ खाऊन गप्प बसणारा हा एकच."

किती वर्षं धरेल?
"मूळ भरेपर्यंत."
माती लोटली, पायाने दाबली,
उघडं मूळ फार वेळ बघू नये तशी.

त्याच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती.
म्हणून आईने चौथ्याला नाव दिलं नाही, विनवणी दिली:
बमान. राहा.
तो राहिला. एकाहत्तर वर्षं, याच मातीत,
गुडघे गेले तरी.

सातव्या वर्षी घोस धरले.
तोंड उघडलेल्या पिस्त्याला आम्ही हसरा म्हणतो;
हसरे कमीच होते.
व्यापाऱ्याचा माणूस दोन पोती घेऊन गेला
भट्टीवर, मिठाच्या पाण्यात घोळवून भाजायला.
मी उस्तादकडे पाहिलं.
तो हसला, त्याचे दात फारसे उरले नाहीत.

मूठभर कच्चे त्याने खिशात ठेवले होते.
एक नखाने फोडून माझ्या तळहातावर ठेवला.
मी जिभेवर बराच वेळ शोधत राहिले.
नव्हतं.
कुठेच नव्हतं.
त्याने एकदा विहिरीकडे पाहिलं
आणि दुसरा फोडायला घेतला.