न उघडता

क्लाइपेडाच्या बंदरात नोव्हेंबरात
चारलाच दिवे लागतात.
झिद्रूनासचा फोन आला तेव्हा मी
काळ्या पावावर धुरावलेला मासा ठेवून
खायचं विसरले होते.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली त्याला,
बर्गेनला लेकीकडे असतो.
हवा विचारली नाही, तब्येत सांगितली नाही.
म्हणाला, स्काइस्ते, बघ जरा,
पाणीपातळीच्या प्रोग्रामात माझा एक फोल्डर होता,
‘पाणकावळे’ नावाचा.

आजच्या यादीत नव्हता.
आजच्या यादीत पातळी, बर्फ, वारा, इशारे,
आणि ‘जुनं-नको’ नावाचा एक,
ज्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही.

नाही म्हणणारच होते.
पण ‘आहे’ काय अन् ‘नाही’ काय,
इथे ते विचारलेल्या दिवसापुरतंच खरं असतं.
मग नऊ वर्षांमागचा एक दिवस दिला,
म्हटलं, काही बाहेर काढू नकोस,
काही उतरवून देऊ नकोस,
नुसतं सांग, तेव्हा इथे काय काय होतं.

ओळी उतरल्या.
आधी परवानगीचा आकडा, मग चाळीस अक्षरांची खूण,
मग आकार, मग नाव.
कोठीच्या उंबऱ्यातूनच डबे मोजावेत तसं.

“आहे. दोनशे अकरा फायली.”
तिकडे खुर्ची सरकली.
(कधी काढला, कुणी काढला, तेही कळलं असतं.
साफसफाईच्या त्या आठवड्यात मीच जोरात होते.
विचारलं नाही मी मशीनला.)
“उघडू?”
“नको. नावं वाच.”

एक मार्च. दोन मार्च. तीन.
बंधाऱ्याच्या टोकाला पंख वाळत घालून
किती बसले होते, ते आत असणार.
मला दिसत होता फक्त आकार:
चाळीस, अडतीस, बेचाळीस.

“चौदा मार्च. शून्य.”
“हं. एकही आला नाही त्या दिवशी.”

“दोन एप्रिल. शून्य.”
“धुकं. समोरची फेरीबोटसुद्धा दिसेना.”

“एकोणीस एप्रिल. शून्य.”

समुद्रापलीकडे केटली शिट्टी देत राहिली,
कुणीतरी उठून ती बंद केली.
“त्या दिवशी मी खिडकीशी गेलोच नाही.”

पुढे विचारलं नाही.
त्या वसंतात ऑफिसात फुलांसाठी वर्गणी निघाली होती,
मीही पाच युरो दिले होते.

तेव्हा नजर गेली खुणेवर.
तिन्ही ओळींत तीच.
ई सहा नऊ, डी ई दोन नऊ,
शेवटच्या अक्षरापर्यंत तीच.
कोऱ्या फायलीची खूण जगभर एकच असते,
लागोसात पहिल्याच दिवशी
एखाद्या पोरानं चुकून साठवलेल्या
कोऱ्या फायलीचीसुद्धा हीच.
पक्षी आले नाहीत,
पक्षी दिसले नाहीत,
बघणारा आला नाही,
मशीन ते शून्य एकदाच ठेवते,
आणि तीन तारखा त्याच्याकडे बोट दाखवत उभ्या.

त्याला सांगितलं.
“ठाऊक होतं,” म्हणाला, “तरी तीन केल्या.
रिकामा फोल्डर ही ठेवूनच घेत नाही, पोरी.
आत काहीतरी लागतं.
निदान नाव.”

मग खोकला. मग,
“थांबलीस का?”

बाहेर फेरीबोट सुटली होती,
तिच्या उजेडात बंधारा क्षणभर दिसला,
मोजण्याइतका नाही.

वीस एप्रिल, म्हटलं. एकेचाळीस.
एकवीस एप्रिल.
पाण्याचा घोट घेतला.
अजून एकशे एकोणसाठ होत्या.