श्वास रोखा

शेवटचा पेशंट मोटारसायकलवाला, हेल्मेट न घातलेला.
त्याला वरच्या मजल्यावर नेलं, मी टेबल पुसलं,
आणि मागच्या दाराने लाउरेआनो किलाकेओ आला
काळ्या केकचा पत्र्याचा डबा छातीशी धरून.
बाहेर ट्रेलेऊचा वारा नेहमीसारखा
कुणाच्या तरी छपराचे पत्रे उचकटत होता.

डब्यात टॉयलेट पेपरात गुंडाळलेला तू.
ओंजळीत मावशील एवढा. चोच निम्मी मोडलेली.

फॉर्मवर नाव रिकामं सोडता येत नाही.
लाउरेआनोने लिहिलं : पेंग्विन.
वय : दोन कोटी वर्षे.
कॉम्प्युटर तीन आकड्यांपुढे जाईना,
म्हणून आमच्या दप्तरी तू नऊशे नव्याण्णव वर्षांचा.
तक्रार :
या रकान्याकडे आम्ही बराच वेळ बघत बसलो.

लहान मुलांची उशी दिली तुला.
टेबल आत सरकलं, आणि यंत्रातली बाई
रोजच्यासारखी म्हणाली, श्वास रोखा.
ती कुणालाही म्हणते.
इतकं मुकाट ऐकणारा तूच पहिला.

मग पडद्यावर काप येऊ लागले,
पाव कापावा तसे, एकामागून एक.
हाड पांढरं. आत दगड, करडा.
मेंदू केव्हाच समुद्राच्या पोटात गेला;
त्याच्या जागी गाळ शिरला, कोपऱ्याकोपऱ्यात बसला,
आणि कुणी न सांगता
त्याचा आकार सांभाळत राहिला.

लाउरेआनो काचेवर बोट ठेवून दाखवतो.
डोळ्यांच्या वर दोन खाचा : इथे मिठाच्या ग्रंथी,
समुद्र प्यायचास आणि मीठ चोचीवरून टपकवायचास.
या तीन वाकड्या नळ्या, दोऱ्याएवढ्या :
वर कुठे, खाली कुठे,
काळ्याभोर पाण्यात एवढंच त्या सांगायच्या.
आणि अगदी पुढे, चोचीच्या मुळाशी,
दोन बारीक फुगवटे.
‘वासाचे. आजच्यांपेक्षा मोठे आहेत, बघ.
पुढच्यांनी हळूहळू सोडून दिला वास.’
सोडून दिला, म्हणाला,
जशी कुणी सिगारेट सोडतं.

मी बोलले नाही काही.
माझ्या आईचंही आधी नाकच गेलं.
गायमानच्या स्वयंपाकघरात पाव जळत होता
आणि ती भट्टीसमोर बसून विणत होती.
मग वारांची नावं गेली. मग सगळं स्पॅनिश.
वेल्श तेवढं उरलं, कपाच्या तळाशी साखर उरते तसं.
गेल्या हिवाळ्यात याच टेबलावर होती ती.
बटण मीच दाबलं होतं.
तिच्या कापांमध्ये कडेचा काळा भाग
भरतीसारखा आत आलेला.

आता श्वास घ्या, म्हणाली बाई.
लाउरेआनोने मोठ्ठा सोडला.
इतका वेळ तोच रोखून बसला होता.

रविवारी तुझं चित्र फोनवर नेलं तिच्याकडे.
अंधारात तरंगणारं एक गोल, चोच असलेलं.
तिने चष्मा पुसला, पदराला नव्हे, टेबलक्लॉथला,
आणि लगेच म्हणाली, ‘पेन ग्विन.’
पेन म्हणजे डोकं. ग्विन म्हणजे पांढरं.
तुमचं नाव आमच्याच भाषेतून गेलं
असं आमच्याकडे सगळे सांगतात.
शाळेतले एल्विन सर तेवढे चिडायचे :
अरे, पेंग्विनचं डोकं काळं असतं, काळं!
खरं-खोटं कुणी सोडवलेलं नाही.

पण पडद्यावर तू पांढराच होतास.

तिने तुला ओळखलं,
की समोर दिसलं ते फक्त म्हणून दाखवलं,
मी विचारलं नाही.
तिने फोन माझ्या हातातून घेतला,
उलटा केला, सुलटा केला,
मग नाकाशी नेला आणि
बराच वेळ हुंगत राहिली.

‘मासळी,’ म्हणाली.