तेरावा महिना

किटलीची हमी बारा महिन्यांची होती.
किटली तेराव्यात गेली,
दुपारच्या चहाला, एक ठिणगी आणि जळका वास.
टॉर्किल असता तर म्हणाला असता, योगायोग.
माझ्या नवऱ्याला सगळ्यांचं चांगलंच दिसायचं,
म्हणून तर त्याने तीनदा फुटकी होडी विकत घेतली.

मी स्क्रू काढून आत पाहिलं.
नखाएवढी पट्टी, तीही पत्र्याची.
कुणीतरी कुठेतरी टेबलाशी बसून हिशेब केलाय:
एवढी पातळ ठेवा,
वर्ष निघेल, वर एक आठवडा नको.
सासूबाईंचा माग त्रेसष्ट वर्षं चालला,
अजून चालेल. गुडघे माझे थांबले.

कंपनीला तीन पत्रं लिहिली. पातेल्यात पाणी उकळलं.
पाळकसाहेबांना विचारलं, हे कुठल्या आज्ञेत बसतं?
ते म्हणाले, केनाइना, सध्या प्रश्न चौथीचा आहे.

चौथी म्हणजे रविवार.
गोदीजवळचं मोठं दुकान आता रविवारीही उघडतं,
आमच्या बेटावर,
जिथे रविवारी दोरीवर कपडे नसतात,
बटाटे शनिवारीच सोलून पाण्यात,
आणि आम्ही लहान होतो तेव्हा
मैदानातला झोपाळासुद्धा साखळीने बांधलेला असे.
पहिल्या रविवारी त्या दारात आम्ही बाराजण उभे राहिलो,
काळ्या टोप्या, तोंडावर वारा, स्तोत्र चालू.
आत गल्ल्यावर पेगीची नात मार्सेली,
मान खाली घालून कुणाचं तरी दूध मोजत होती.
तिला त्या दिवसाचा दीडपट पगार मिळतो.
तिचा बाप तिच्याशी बोलत नाही,
पण तिने भरलेल्या विजेच्या बिलावर त्याचा दिवा लागतो.
मी एक ओळ चुकले. खापर वाऱ्यावर फोडलं.

माझं मत कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते.
रविवारी दार उघडणं पाप असेल, असू दे.
मापात पाप त्याहून जुनं.
पूर्वी दुकानदार तागडीखाली अंगठा दाबायचा,
निदान तो अंगठा दिसायचा,
त्याच्यावर फटका मारता यायचा.
आता अंगठा किटलीच्या आत असतो.

तर काल, शनिवारी, बंद व्हायच्या वेळी
नवी आणायला गेले.
गल्ल्यावर माणूस नव्हतं, यंत्र होतं.
यंत्राने किटली वाचली: बारा पौंड.
फळीवर तेवीस लिहिलं होतं.
मी वाचलं होतं. चष्मा नाकावर होता.
यंत्राने आभार मानले.
मी मानेनेच बरं म्हटलं.

घरी येऊन चहा केला.
चहा झकास झाला, तेच वाईट.

रात्रभर अकरा पौंड उशीखाली टोचत राहिले.
पोटात एक वकील उठून बसला:
त्यांनी तुला फसवलं, तू त्यांना. फिटंफाट.
त्याचा आवाज हुबेहूब माझा,
फक्त जरा जास्त शिकलेला.

आणि आज रविवार.
पैसे ठेवले तर आठवी मोडते,
द्यायला गेले तर चौथी.
दुकान पूर्वीसारखं बंद असतं
तर सोमवारपर्यंत चोर म्हणून
मी अगदी धार्मिकपणे बसले असते.

उपासनेनंतर टोपी न काढताच गेले.
दार आपोआप सरकलं,
त्याला कोण येतंय याचं काही नाही.
मार्सेली दचकली, तिला वाटलं आता मी गाणार.
मी एक नोट ठेवली, एक नाणं ठेवलं, सगळं सांगितलं.
ती यंत्राकडे गेली, इकडे दाबलं, तिकडे दाबलं.
म्हणाली, आजी,
लोकांनी पैसे परत आणून दिले तर काय,
त्याचं बटणच नाहीये.

आम्ही दोघी त्याच्याकडे बघत उभ्या राहिलो.
मग तिने पावतीच्या पाठीवर पेनने लिहिलं:
किटली. अकरा. मिळाले.
खाली सही, बापाच्या आडनावासकट.

बाहेर पाऊस तिरका लागला होता.
पाळकांच्या बायकोची मोटार हळू झाली.
तिने हात केला, की आतून काच पुसली,
कळलं नाही.
मी मात्र हात केला.