पकड

पहाटे पाचला, एसीच्या गारठ्यात,
अल खोरच्या क्लिनिकात मी माणसं मोजते.
बूट काढा, मोजे काढा, पट्टा काढा,
चिल्लर, मोबाइल, किल्ल्या इथे ट्रेमध्ये.
तावीज कापडाचा असेल तर राहू दे.
तळवे पत्र्यावर, मुठीत दांडे,
हलायचं नाही.
वीज जाते अंगातून, कळतही नाही.

यंत्र कागद ओकतं.
पाणी एवढं, चरबी एवढी, स्नायू एवढे,
आणि सर्वांत खाली, जणू कुणी विचारलंच होतं,
शरीराचं वय.

लतीफ चौगुले, स्कॅफोल्डर.
पासपोर्टवर अठ्ठेचाळीस,
कागदावर एकोणसाठ.
"अकरा वर्षं झाली मला हितं," तो म्हणतो,
"यानं डबल ड्यूटी धरली वाटतं."

हाडांच्या ओळीवर त्याचं बोट थांबतं.
तीन किलो शंभर.
"एवढीच?"
बाकावरचा पट्टा उचलतो: पाने, हूक, हातोडी, पकड,
आणि मी काही म्हणायच्या आत काट्यावर ठेवतो.
सहा किलो दोनशे.
"म्हंजे पट्टाच मला घालून हिंडतो."

मग फॉर्म. विचारावंच लागतं.
व्यायाम आठवड्याला किती?
दीडशे मिनिटं हवीत, मध्यम,
दम लागेल पण बोलता येईल इतपत.
भिंतीवर सायकलवाली बाई हेच सांगते, चार भाषांत.
"त्यात शिडी धरतात काय?"
टाकीची शिडी. बत्तीस मीटर. दिवसाला नऊदा.
"चढताना बोलता येतं. पण बोलायचं कुणाशी?"
फॉर्मवर छापलंय: फावल्या वेळात.
मी शून्य लिहिते.
पेन त्या शून्यावरून दोनदा फिरतं.

पायरीची चाचणी. मेट्रोनोम टकटकतो.
तीन मिनिटं चढ, उतर, चढ, उतर,
मग बसा, बोलू नका.
नाडी खाली येते,
पाळी संपलेल्या माणसासारखी, मुकाट.
हृदय छान आहे हो, मी म्हणते.
"असंल. फारसं वापरात नाय ते."

आता हात.
उजवा: सेहेचाळीस.
डावा: बावीस.
पुन्हा. एकवीस.
तिसऱ्यांदा दात आवळून, मानेची शीर फुगवून: तेवीस.
उंचीवर जायला तीस लागतात आमच्याकडे,
आणि तीनच वेळा घ्यायचं असतं.

"मॅडम, उजव्याचाच आकडा दोनदा मांडा की."
कधी पडलात?
तो खिडकीकडे बघतो.
खिडकीत पांढरं ऊन आणि उभी बस.
"पडलो नाय. धरून रायलो.
खाली दोरीला नेपाळचा पोरगा होता.
रिपोर्ट नाय केला. सुट्टी आलेली जवळ."

बाहेर सतरा जण बाकी आहेत.
चौथ्यांदा घ्या, मी म्हणते.
नियमात नाही ते. तो मला नियम विचारत नाही.
तळवा पँटीला पुसतो, डोळे मिटतो,
काटा चढतो, कापतो,
सव्वीस.

सव्वीस लिहिलं मी.
शेऱ्यात लिहिलं: काम जमिनीवरच. फिजिओथेरपी.
सहा आठवड्यांनी पुन्हा.
वरच्या कामाचा भत्ता जातो यात, मला ठाऊक आहे.
दोरीला कुणीतरी असतं, तेही.
त्यानं कागदाची घडी घातली, मग घडीची घडी,
आणि पट्टा कमरेला न बांधता
खांद्यावर टाकून गेला, उजव्या.

संध्याकाळी कॉर्निशवर मी माझी दीडशे मिनिटं भरते.
समुद्र कोमट, वारा ओल्या टॉवेलसारखा.
कॅम्पच्या बसेस ओळीनं जातात,
काचांना टेकलेली डोकी,
झोपलेली, बहुतेक.
माझी डावी मूठ कधी वळली कोण जाणे,
नखं रुतली तेव्हा कळलं.
मनगटावर घड्याळ थरथरतं:
शाब्बास, आजचं लक्ष्य पूर्ण.
गाडी अजून अर्धा किलोमीटर लांब आहे.