दुसरा गट

तुर्भ्याच्या दाणा बाजारातून दोन किलो कुळीथ घेतला.
दुकानदार म्हणाला, पिठी करता की शेंगोळे?
मी म्हटलं, अर्क.
त्याला अत्तर ऐकू गेलं असावं. हसला,
आणि मूठभर वर घातला.

निवडला, दळला, अल्कोहोलात तीन दिवस ठेवला.
सगळं उडून गेल्यावर बशीत उरला
काकवीसारखा चिकट गोळा,
वास मात्र थेट आमच्या चुलीवरचा,
आमसूल पडायच्या आधीचा.

प्राण्यांची खोली कोपरखैरण्यात, सातव्या मजल्यावर.
खिडकीत पारसिकचा डोंगर, खाणींनी कुरतडलेला.
आत बावीस अंश,
बारा तास उजेड, बारा तास अंधार,
भाताच्या तुसावर चोवीस पांढरे उंदीर
ज्यांना मुतखडा नव्हता.
आधी तो द्यायला हवा होता.

पाण्यात मिसळलं ते चवीला गोड असतं म्हणे. ते आवडीनं प्यायले.
एथिक्स कमिटीची सही होतीच.
सहीखाली कुणीतरी पेन्सिलीनं
एक मांजर काढून ठेवलं होतं.
मी खोडलं नाही.

पहिल्या गटाला साधं पाणी.
दुसऱ्याला खडा, आणि काहीच नाही.
तिसऱ्याला खडा आणि थोडा कुळीथ, चौथ्याला दुप्पट.
ओळख पटावी म्हणून पिक्रिक ॲसिडचा पिवळा ठिपका,
कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या पाठीवर.
पिंजरे धुणारा हसुराम भोईर म्हणाला,
मॅडम, हलद लावली तुमी यांना. लगीन कुनाशी?

धरायचं कसं, ते त्यानंच शिकवलं.
चिंबोरी धरतात तशी नाय,
निजलेलं पोर उचलतात तसा.
मग वाकडी सुई, टोकाला मणी,
जिभेवरून घशात, घशातून पोटात.
उंदराला ओकता येत नाही.
वाचलं होतं मी हे. हाताला कळायला आठवडा गेला.

सुई दुसऱ्या गटालाही असते. तिच्यात नुसतं पाणी.
हसुरामला पटेना.
यांना नाय? दुखतंय तं यांना पन.
यांच्यामुळंच बाकीच्यांचं कळतं, मी म्हटलं.
हां, म्हणाला. झाडू भिंतीला टेकवला.
मग भलतंच बोलला:
हा पिंजरा हाय ना, याच्या बरोबर खाली
बाप वाल टाकायचा, भात कापला का, ओलीवर.
सात माळे खाली.

त्याचा स्वतःचा खडा आठ एमेमचा.
माझ्याकडं अर्क मागितला. मी दिला नाही,
मात्रा उंदराच्या वजनाची होती.
मग बायकोनं घरीच कढण उकळलं.
सोळाव्या दिवशी चुन्याच्या डबीत घालून घेऊन आला,
मिरीएवढा, काटेरी. पडला बघा!
कढणानं पडला,
की दिवसाला चार तांबे पाण्यानं,
की पडायचाच होता?
सांगता येत नाही.
हसुरामचा दुसरा गट नव्हता.

अठ्ठाविसाव्या दिवशी तो रजेवर होता.

सूक्ष्मदर्शकाखाली दुसऱ्या गटाची मूत्रपिंडं,
रात्री पामबीच रोडला दिवे लागावेत
तसे स्फटिक, ओळीनं.
तिसऱ्यात तुरळक.
चौथ्यात जवळजवळ अंधार.
अंधार म्हणजे यश. सर म्हणाले, छान, आकडे बोलतायत.
पिवळ्या पिशवीत चोवीस मोजून घातले.
पहिल्या गटानं साधं पाणीच प्यायलं होतं.
तेही.

उरलेला कुळीथ घरी आणला, पाऊण किलो असेल.
आईनं माझी बोटं पाहिली.
हे पिवळं साबणानं जात नाही.
कुणाची हळद होती गं?
मी म्हटलं, भात वाढ.
पिठी गरम होती. आमसूल जरा जास्त पडलं होतं.