चवीपुरतं

खिडकी नंबर तीन माझी.
बोनाफाईड, ट्रान्सक्रिप्ट, नावातली दुरुस्ती.
काचेला अर्धगोल भोक आहे, त्यातून मुलं
आधी हात घालतात, मग प्रश्न.

यास्मिन मुलाणी, इंदापूर. बी.ए., इतिहास.
गौण विषयाच्या रकान्यात तिनं लिहिलं : भूशास्त्र.
म्हटलं, बाई, ही इमारत आर्ट्सची,
दगड पलीकडच्या इमारतीत असतात.
ती म्हणाली, मध्ये जिना आहे ना?
जिना होता.
वीस वर्षं आम्ही त्यावर गठ्ठे ठेवत होतो.

'गौण' मला माहीत होतं ते मेव्हण्यामुळे.
तो तहसीलला, गौण खनिजाच्या टेबलावर :
वाळू, मुरूम, डबर.
गौण म्हणजे ज्याचे ट्रक रात्री पळतात,
एवढीच माझी व्याख्या.
तिला सांगितलं, मायनर म्हणजे चवीपुरतं,
जास्त घालू नकोस.

मग ती वेताळ टेकडीच्या खाणीत जायचं पत्र मागायला आली.
मग खोली नंबर नऊची किल्ली.
शनिवारी चार ते सहा, मोडी मंडळ.
सात मुलं, त्यातली दोन एकमेकांसाठी आलेली.
किल्ली माझ्या नावावर, म्हणून मी दाराशी बसायचो,
एक डोळा कात्रजच्या बसच्या वेळेवर.

फळ्यावर अक्षरं एकमेकांचा हात सोडत नव्हती,
घाईत कुणी एका दमात पत्ता सांगावा तशी.
तिसऱ्या महिन्यात, कुणी विचारलेलं नसताना,
मी दारातून वाचलं :
मीठ.

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं.
जुन्या कागदाची झेरॉक्स. इतके बैल मीठ घाटावर आलं, जकात इतकी.
नोकरीत मोठ्यानं वाचलेला
हा पहिला कागद, ज्यावर मला सही करायची नव्हती.

दुसऱ्या वर्षी पोलंडचा अर्ज. एक सत्र, अर्धी शिष्यवृत्ती.
वडिलांचा दुधाचा टेम्पो; पासबुकात
तेराशे, चौदाशे, अकराशे, पुन्हा तेराशे.
व्हिसावाल्यांनी विचारलं, हे रोज रोज काय आहे?
तिनं खुलाशाच्या जागी लिहिलं : दूध.

रांगेतला एक पालक म्हणाला,
बी.ए.वाले तिकडं जाऊन करणार काय?
मी गप्प बसलो. दोन वर्षांपूर्वी
हे वाक्य माझंच होतं.

फेब्रुवारीत कार्ड आलं, कॉलेजच्या पत्त्यावर, खिडकी नंबर तीन :
काका, इथं जमिनीखाली मिठाचं गाव आहे.
मी भिंत चाटून पाहिली. गाईड ओरडला.
त्याला काय ठाऊक, आमच्या भूशास्त्राच्या बाई
दगडाला आधी जीभ लावायला सांगतात.
मी आपले बैल सांगितले,
तो म्हणाला, इथं घोडे होते, एकदा खाली गेले की
वर्षानुवर्षं वर येत नसत.
ते कुठल्या कागदात लिहिलंय, ते शोधतेय.
भात मिळतो. त्याला काही अर्थ नाही.

ती परतली, मागून तिची गुणपत्रिका आली.
तिकडचे श्रेयांक तीस.
आमच्या तक्त्यात बसतात वीस.
उरलेल्या दहांचं काय करायचं, म्हणून फाईल वर नेली.
साहेब म्हणाले, संस्थेच्या मिठाला जागा,
नियमाबाहेर जाऊ नका.

वीस लिहिले.
हात न उचलता लिहिले, एका फटक्यात,
शेपूट लांबवून
पुढच्या रिकाम्या चौकटीत जाईल इतकं.

तिनं अर्धगोल भोकातून एक पुडी सरकवली.
आत करड्या मिठाचा खडा, सुपारीएवढा.
म्हणाली, चवीपुरतं.
मी ती शिक्क्याच्या पॅडशेजारी ठेवली आणि विसरलो.

जुलैत खड्याला पाणी सुटलं.
ड्रॉवरमधले चार बोनाफाईड ओलसर झाले.
एका मुलानं तक्रार केली, काका, शिक्का पसरलाय.
म्हटलं, असू दे.
वाचता येतंय ना?